श्रेय काढ्याला, काम जनुकांचं

एचआयव्हीच्या उपचारांसाठी एआरटी केंद्रात नाव नोंदवायची वेळ आली की कुणी ना कुणी ओळखीतला दाखला देतोच. ‘त्याला होऊन बारा वर्षं झाली, एक गोळी घेतली नाही, गडी ठणठणीत!’ श्रेय मग कुठल्याशा काढ्याला जातं, गावाकडच्या हवेला, नाहीतर ‘मुळातच दांडग्या’ प्रतिकारशक्तीला. ऐकणारा गोळ्या पुढं ढकलतो. दाखला खोटा असतोच असं नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा असतो.

मुळात बारा वर्षांचं एवढं नवल नाही. उपचारांविना संसर्गापासून एड्सपर्यंत जायला सरासरी दहाएक वर्षं लागतात. कुणाला दोन-तीन, कुणाला पंधराहून जास्त. या काळात माणूस शेतात राबतो, लग्नात नाचतो, आणि रक्तातल्या सीडी४ या संरक्षक पेशी मात्र गुपचूप घटत असतात. मग हा वेग माणसागणिक वेगळा का? याची बरीच उत्तरं शास्त्रज्ञांना सापडली आहेत, आणि त्यातलं एकही काढ्याच्या बाटलीत नाही.

कधी विषाणूच लंगडा निघतो. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात एका एचआयव्हीबाधित दात्याचं रक्त अनेक रुग्णांना दिलं गेलं. वर्षं उलटली तरी दात्याला आणि त्या रुग्णांना एड्स होईना. १९९५ मध्ये ‘सायन्स’मध्ये कारण प्रसिद्ध झालं : त्यांच्या विषाणूतल्या ‘नेफ’ या जनुकाचा तुकडाच गळालेला होता. गोष्ट इथं थांबली असती तर काढेवाले खूश झाले असते. पण १९९९ पर्यंत दात्यासह काहींच्या सीडी४ पेशी घसरू लागल्या होत्या. लंगड्या विषाणूनंही आपलं काम सोडलं नव्हतं.

कधी फरक माणसाच्या जनुकांत असतो. बाधित पेशी आपल्या आतल्या विषाणूचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या प्रथिनांच्या खाचेत धरून पृष्ठभागावर मांडते. ते ओळखून मारेकरी पेशी तिचा फडशा पाडतात. विषाणू यावर उपाय म्हणून स्वतःचे तुकडे बदलत राहतो. एचएलए-बी-५७ आणि बी-२७ हे प्रकार मात्र त्याचा असा भाग पुढं करतात, जो बदलला तर विषाणूचीच वाढ खुंटते. अशा लोकांत आजार बहुधा सावकाश सरकतो. उलट बी-३५चे काही प्रकार असले तर तो लवकर बळावतो. हे आईबापांकडून येतं. पथ्यानं कमावता येत नाही.

आता ‘दांडगी’ प्रतिकारशक्ती. एचआयव्हीला पेशीत शिरायला बहुतेक वेळा सीसीआर५ नावाचं दार लागतं. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून त्याची डेल्टा-३२ ही मोडकी प्रत मिळते, त्यांना सहसा संसर्गच होत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या शंभरांत साधारण एकाला हे भाग्य लाभतं. भारतीयांत अशी माणसं जवळपास आढळतच नाहीत. तेव्हा ‘आपल्या रक्तातच ताकद आहे’ हे अभिमानानं सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

गोळ्यांविना विषाणू मोजण्याच्या पातळीखाली ठेवणारे लोक जगात आहेत, पण शंभर बाधितांत एकही भरत नाही. आपण त्यांतले आहोत की नाही, हे आरशात बघून कळत नाही. त्यासाठी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मोजावा लागतो. आणि ठणठणीत वाटणाऱ्यांनी थांबावं का, याचं उत्तर २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या वैद्यकीय अभ्यासानं दिलं. सीडी४ पाचशेच्या वर असतानाच औषध सुरू केलेल्यांत, थांबलेल्यांच्या तुलनेत, गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी निघाला. भारतात २०१७ पासून सीडी४ कितीही असो, निदान झालं की मोफत उपचार सुरू होतात.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘विषाणू आता मवाळ झालाय.’ नेदरलँड्समध्ये २०२२ मध्ये नोंदला गेलेला प्रकार सीडी४ पेशी दुप्पट वेगानं घटवतो. औषधांना मात्र तो दाद देतो.

‘नवरा पॉझिटिव्ह, बायको निगेटिव्ह, म्हणजे तिची जनुकं भारी.’ दर संबंधात लागण होतेच असं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिला खरं संरक्षण नवऱ्याच्या गोळ्या देतात. पुण्यातल्या जोडप्यांचाही सहभाग असलेल्या एचपीटीएन ०५२ अभ्यासात २०११ मध्ये लवकर उपचारांनी जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटलेली दिसली.

‘बोन मॅरो बदलला की एचआयव्ही जातो.’ टिमथी रे ब्राऊन या रुग्णाचा गेला, कारण दात्याकडे डेल्टा-३२च्या दोन्ही प्रती होत्या. पण ते प्रत्यारोपण रक्ताच्या कर्करोगासाठी होतं, आणि त्यात जिवाला मोठा धोका असतो. असे बरे झालेले लोक जगभरात मोजकेच आहेत.

‘व्हायरल लोड दिसत नाही, आता गोळ्या बंद.’ विषाणू काही पेशींत दडून बसलेला असतो. गोळ्या थांबल्या की बहुतेकांच्या रक्तात तो काही आठवड्यांतच पुन्हा दिसू लागतो.