जलद वाचन आणि शुद्ध वाचन

शाळेंत आपण वाक्यांतील पदांचा परिस्फोट करीत असूं. संगणकासाठीं लिहिलेली आज्ञावली यंत्राला उमजेल अशा रूपांत आणणारा जो कंपायलर, त्यालाही प्रथम हेंच करावें लागतें: अक्षरांतून पदें पाडावयाचीं, मग त्यांची रचना ठरवावयाची.

पदें झटपट पाडण्याची एक सोपी युक्ति आहे: जुळेल तितकें लांब पद उचलावें. मोडी दप्तरांत शब्द न तोडतां लिहीत. तसें 'तोफारशिकला' असें लिहिलें, तर या युक्तीनें 'तोफा' प्रथम हातीं लागतात. आजच्या अहिल्यानगरांत १५४९ सालीं ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ आठवून तें पटेलही! परंतु मागें 'रशिकला' असें निरर्थक कांहीं उरतें आणि 'तो फार शिकला' हा अर्थ हरवतो.

सी प्लस प्लस भाषेंत असेंच घडे. तींत कोनी कंस एकांत एक येतात. मिटणारे दोन कंस लागून आले कीं कंपायलर त्यांस एकच चिन्ह समजे, तें म्हणजे अंक उजवीकडे सरकविण्याचें; आणि निर्दोष लेखन चूक ठरे. यास्तव लिहिणारे मध्यें मुद्दाम मोकळी जागा सोडीत. यंत्राच्या सोयीसाठीं माणसानें वळण बदलावें, असा हा प्रकार होता.

२०११ च्या प्रमाण नियमावलीनें तो सुधारला. असा कंस उघडा असेल, तर पहिल्या चिन्हानें तो मिटला असें धरावें. तेथें अंक सरकवावयाचेच असल्यास गोल कंस घालावा लागतो. पण हा भार थोडा.

युक्ति टाकावयाची नाहीं. ती कोठें लागू नाहीं, हें संदर्भ पाहून ठरवावयाचें. अर्थच चुकला, तर वांचलेला वेळ कोणाच्या कामीं येणार?