ऑईल बदलण्याचे वीस हजार डॉलर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मामाचे गॅरेज म्हणजे आमच्या फाट्यावरची पत्र्याची एक शेड. सुट्टीत मी तेथे पाने हातात देणे, जळके ऑईल डब्यात भरून ठेवणे असली कामे करतो. एके सकाळी एक गिऱ्हाईक स्प्लेंडरचे ऑईल बदलून घ्यायला आले. ऑईलचा डबा त्यांनी स्वतःच आणला होता. मामाने मजुरीचे पन्नास रुपये सांगितले. घासाघीस झाली आणि चाळीसवर मिटले. पैसे देता देता त्या गृहस्थांनी मोबाईलवरची एक बातमी वाचून दाखवली. बुगाटी नावाच्या गाडीचे ऑईल बदलायला म्हणे वीस हजार डॉलर पडतात! मी मनातल्या मनात रुपये केले, तर आकडा सोळा लाखांच्या पुढे गेला.

मामा हसला नाही. चिंधीला हात पुसत म्हणाला, "आरं, त्यात बी ऑईलच घालत्यात न्हवं? मग एवढं कशाचं घेत्यात? तू कॉलेजात जातोस, तूच सांग."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कोणताही प्रश्न माझ्याकडे सोपवला की त्याचे उत्तर कॉलेजात मिळतेच, असा सर्वांचा समज आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी, इंजिनाशी माझा संबंध पाने उचलण्यापुरता. तरीही प्रश्न डोक्यातून जाईना. शोध घेता घेता जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम ऑईल करते काय ते पाहू. इंजिनात लोखंडावर लोखंड घासत असते. त्या दोहोंच्या मध्ये ऑईलचा पातळ थर राहतो, म्हणून ती झिजत नाहीत. शिवाय ऑईल आतली उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा कीस आपल्यात सामावून घेते आणि गंज धरू देत नाही. हे सारे करता करता ते स्वतः खराब होते. त्यात ओलावा उतरतो, न जळलेले पेट्रोल मिसळते, मुद्दाम घातलेली रसायने संपत जातात. म्हणून गाडी फारशी फिरली नसली तरी ठरावीक मुदतीने ते काढावेच लागते. इथवर स्प्लेंडर आणि बुगाटी यांत काडीचा फरक नाही.

फरक आहे तो इंजिनात. बातमीतली गाडी म्हणजे बुगाटी व्हेरॉन. एत्तोरे बुगाटी याने १९०९ मध्ये अल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे कारखाना काढला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा ते जर्मनीत होते. पुढे कारखाना बंद पडला, नाव तेवढे उरले. ते १९९८ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने विकत घेतले आणि २००५ पासून मोल्सहाइमलाच व्हेरॉन तयार होऊ लागली. १९३९ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत बुगाटीतून जिंकणाऱ्या पिएर व्हेरॉन या चालकाचे नाव तिला दिले आहे. स्प्लेंडरचे इंजिन ९७ सी.सी.चे, एका सिलिंडरचे, सुमारे आठ अश्वशक्तीचे. व्हेरॉनचे ७,९९३ सी.सी.चे, सोळा सिलिंडरचे, चार टर्बो लावलेले आणि १,००१ अश्वशक्तीचे! वेग ताशी ४०७ किलोमीटर. एवढ्या इंजिनाची उष्णता बाहेर टाकायला गाडीत लहानमोठे दहा रेडिएटर बसवले आहेत. त्यांतला एक केवळ इंजिन ऑईल थंड करण्यासाठी, एक गिअरच्या ऑईलसाठी आणि एक डिफरन्शियलच्या ऑईलसाठी आहे.

आता खरी मेख. आपल्या मोटारीत, ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या तळाशी चेंबर असते. ऑईल त्यात साचते व पंप ते तेथून वर ओढतो. चेंबरचा एक नट सोडला की सारे ऑईल खाली. साध्या गाडीला ही सोय पुरते. पण भरधाव गाडी वळणावर वळली की चेंबरातले ऑईल, कळशीतले पाणी हिंदकळावे तसे, एका बाजूला जाते. पंपाच्या तोंडाशी ऑईलऐवजी हवा येते आणि काही क्षणांत बेअरिंग जळू शकते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत ड्राय सम्प ही पद्धत निघाली. तीत ऑईल तळाशी साचूच देत नाहीत. वेगळे पंप ते ओढून एका निराळ्या टाकीत नेतात आणि तेथून दाबाने पुन्हा इंजिनात सोडतात. खोल चेंबर नसल्याने इंजिन जमिनीच्या जवळ बसवता येते, हा आणखी एक फायदा. व्हेरॉनमध्ये हीच पद्धत आहे. परिणाम असा की ऑईल एका जागी नाही. टाकीत आहे, नळ्यांत आहे, रेडिएटरात आहे. ते काढण्यासाठी सोडावे लागणारे नट एक नव्हे, सोळा आहेत असे सांगतात.

आणि हे नट हाताला लागत नाहीत. इंजिन आहे चालकाच्या पाठीमागे, चहूकडून रेडिएटर, नळ्या व आवरणे यांनी वेढलेले. गाडी वर उचलून तळाची आवरणे सोडवायची, मागची चाके उतरवायची, चाकांवरची आतली अस्तरे आणि मागच्या अंगाचे भाग काढायचे. मग नट दिसू लागतात. ऑईल निथळल्यावर फिल्टर बदलायचा, प्रत्येक नटाखाली नवा वॉशर घालायचा, नट ठरलेल्या जोराइतकाच आवळायचा. त्या जोरासाठी मोजणारा पाना असतो. नवे ऑईल भरून इंजिन गरम करायचे आणि मग पातळी पाहायची, कारण ड्राय सम्पमध्ये थंड इंजिनाची पातळी फसवी असते. त्यानंतर काढलेले सारे अंग, एक ओरखडा न उमटवता, पुन्हा चढवायचे. या सगळ्याला सत्तावीस तास लागतात असे वाचले. मामा स्प्लेंडरला पंधरा मिनिटे घेतो, त्यातली पाच गप्पांची.

केवळ गाडी महाग म्हणून असे होते म्हणावे तर तेही नाही. पोर्शे ९११ हीही महागडी आणि वेगवान गाडी आहे; पण तिचे ऑईल बदलायला अंग सोलावे लागत नाही. उलट १९९४ ते १९९९ या काळात निघालेल्या फेरारी एफ ३५५ या गाडीचा नुसता टायमिंगचा पट्टा बदलायचा तर सबंध इंजिन खाली उतरवावे लागते. गाडी आखताना दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताचा विचार कितपत झाला, यावर पुढचा खर्च ठरतो.

पण मामाचा प्रश्न एवढ्याने सुटत नव्हता. मी हिशेब मांडून पाहिला. तासाला दोनशे डॉलर मजुरी धरली तरी सत्तावीस तासांचे होतात ५,४००. ऑईल आणि फिल्टर यांना सढळ हाताने सहाशे देऊ. झाले सहा हजार. मग उरलेले चौदा हजार कशाचे?

येथे अर्थशास्त्राचा तास कामाला आला. २०१५ पर्यंत व्हेरॉन गाड्या निघाल्या अवघ्या ४५०, आणि त्याही जगभर विखुरलेल्या. त्यांच्यासाठी खास हत्यारे ठेवायची, माणसे शिकवून तयार करायची, जागा अडवून ठेवायची. हा स्थिर खर्च वाटून घ्यायला गिऱ्हाइके मूठभर. स्प्लेंडर लाखोंनी आहेत, म्हणून तिचे शिक्षण मामाला फाट्यावर फुकट मिळाले. दुसरे असे की, दहा लाख युरोंहून महाग गाडीचा मालक दर पाहून दुसरीकडे जात नाही. कंपनीच्या शिक्क्याची नोंदवही असली तरच पुढे गाडीला किंमत येते. सरांच्या भाषेत ही अलवचीक मागणी. चौदा हजारांतले किती पहिल्या कारणाचे व किती दुसऱ्याचे हे मला वेगळे करता आले नाही. पण दुसरे लहान नसावे असे माझे मत आहे.

सहज म्हणून टक्केवारीही काढली. व्हेरॉनचा हा खर्च गाडीच्या किमतीच्या दीड-दोन टक्के येतो. स्प्लेंडरचा, ऑईल धरून, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे लाखांचा आकडा ऐकून छातीत धस्स होते तेवढे त्या मालकाला होत नसणार.

संक्रांतीला गेलो तेव्हा मामाला हे सगळे सांगितले. ड्राय सम्प त्याला माझ्यापेक्षा लवकर कळला. स्थिर खर्चापाशी मात्र तो जांभया देऊ लागला. मग एकदम त्याने विचारले, "त्या सोळाच्या सोळा नटांची वॉशरं नवी घालत्यात?"

"घालतात."

"आन् काम करनाऱ्याला तासाला दोनशे डॉलर?"

"ते गॅरेजचे, मामा. त्यातले त्याच्या हातात किती पडतात ते निराळे."

मामा थोडा वेळ गप्प बसला. तेवढ्यात एक मोटारसायकल येऊन थांबली. ऑईल बदलायचे होते. मामाने मजुरी साठ रुपये सांगितली. "चाळीस घ्या की," गिऱ्हाईक म्हणाले.

"साठ," मामा म्हणाला, आणि मला चौदाचा पाना मागितला.