सरहद्दीवरचे लग्न

ज्या काळी युरोपातून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाला जहाजाच्या भाड्याहून अमेरिकेच्या प्रवेशपरवान्याची विवंचना अधिक जाळीत होती, त्या काळाचा अस्सल दस्तऐवज म्हणून मिचेल लायसन दिग्दर्शित ‘होल्ड बॅक द डॉन’ (१९४१) या चित्रपटाकडे पाहिले पाहिजे. त्यास निव्वळ प्रेमकथा म्हणणे अन्यायाचे होईल.

१९२४ च्या अमेरिकन कायद्याने देशोदेशीच्या आगंतुकांची वार्षिक संख्या मुक्रर केली, आणि रुमानियाच्या वाट्यास इतकी तुटपुंजी संख्या आली की, मेक्सिकोच्या हद्दीतील एका हॉटेलात अडकलेल्या जॉर्ज इस्कोव्हेस्कूस (चार्ल्स बॉयर) वर्षानुवर्षे तिष्ठण्याचा हुकूम ऐकावा लागतो. त्याच हॉटेलातील एक गर्भवती स्त्री वेणा सुरू होताच हद्द ओलांडते आणि अमेरिकन कचेरीतच बाळंत होते, कारण त्या भूमीवरचे मूल जन्मतःच नागरिक ठरते. जॉर्ज मात्र, शाळेच्या मुलांना सहलीस घेऊन आलेल्या एमी ब्राउन या भाबड्या शिक्षिकेशी (ऑलिव्हिया द हॅव्हिलंड) एका रात्रीच्या ओळखीवर, केवळ परवान्यासाठी लग्न लावतो.

पटकथाकार बिली वाइल्डर १९३४ मध्ये स्वतः मेक्सिकाली येथे अशाच परवान्यासाठी थांबले होते. म्हणूनच, भिंतीवर चढणाऱ्या झुरळास छडीने अडवून जॉर्ज त्याच्याकडे कागदपत्रे मागतो, असा प्रसंग त्यांनी चार्ल्स ब्रॅकेट यांच्यासह लिहिला. बॉयरने तो करण्यास नकार दिला, दिग्दर्शकानेही तो गाळला, आणि वाइल्डर यांचा संताप अनावर झाला. तो संताप मला सर्वस्वी न्याय्य वाटतो; निर्वासिताची सारी मानहानी त्या एका प्रसंगात मावली असती.

तरीही चित्रपट तरतो, तो एमीमुळे. पतीचे कपट उघडकीस आल्यावर, एका शब्दासरशी त्याचा मार्ग कायमचा बंद करणे हाती असताना, ती तपास करणाऱ्या अंमलदारापुढे त्यास पाठीशी घालते. आणि परतीच्या वाटेवर तिला अपघात झाल्याचे कळताच जॉर्ज, ज्या परवान्यासाठी हा सारा खटाटोप केला तोच पणास लावून, बेकायदा हद्द ओलांडून तिच्या उशाशी जातो. लग्न खरे की खोटे, हे ठरविणाऱ्या दफ्तराला न दिसणारे सत्य येथे दिसते: कपट उघडे पडल्यानंतरच हे लग्न खरे झाले.

जॉर्जला निदान रांग तरी होती. १९१७ च्या कायद्याने स्थायिक होऊ पाहणाऱ्या सामान्य भारतीयास तीही नव्हती. १९४६ साली ते दार किलकिले झाले, तेही वर्षाला सुमारे १०० माणसांपुरतेच.