मोटारीचा कॉम्प्यूटर काढावा काय?

अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीनें १९८१ सालापासून आपल्या मोटारींत एक लहानशी धातूची पेटी बसविण्यास आरंभ केला. डॅशबोर्डाच्या पाठीमागें दडविलेली ही पेटी म्हणजे त्या मोटारीच्या एंजिनाचा कॉम्प्यूटर होय. शेव्रोलेट माँटे कार्लो, ओल्ड्समोबील कटलस सुप्रीम यांसारख्या आठ सिलिंडरांच्या ज्या गाड्या त्या दशकांत रस्त्यावर आल्या, त्यांपैकीं पुष्कळ आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि हौशी मालकांनीं त्या जिवापाड जपल्या आहेत. या मालकांपुढें एक प्रश्न वारंवार उभा राहतो. एंजिन अडखळूं लागलें, पेट्रोल अधिक जाऊं लागलें, डॅशबोर्डावरील इशाऱ्याचा दिवा विझेनासा झाला, म्हणजे तो कॉम्प्यूटर दुरुस्त करावा, कीं त्याला कायमची रजा देऊन एंजिन पूर्वीच्या साध्या पद्धतीवर आणावें?

प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं ती पेटी मुळांत तेथें आली कशी हें पाहिलें पाहिजे. लॉस एंजेलिस शहरावर पसरणारें डोळे झोंबविणारें धुकें हें मोटारींच्या धुरांतील हायड्रोकार्बन व नायट्रोजनचीं ऑक्साइडें यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन तयार होतें, हें हॅगन-स्मिट या शास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें. १९७० सालीं अमेरिकेंत स्वच्छ हवेचा कडक कायदा झाला, आणि १९८१ सालच्या मोटारींसाठीं धुराच्या ज्या मर्यादा ठरल्या त्या अशा: दर मैलामागें हायड्रोकार्बन ०.४१ ग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड ३.४ ग्रॅम आणि नायट्रोजनचीं ऑक्साइडें १ ग्रॅम. या तिन्हीं विषांचा एकाच वेळीं नाश करणारा उत्प्रेरक धुराच्या नळींत बसवितां येतो. परंतु त्याची अट मोठी चोखंदळ असते. पेट्रोलच्या एका भागास वजनानें हवेचे १४.७ भाग, हें प्रमाण अगदीं थोड्या फरकानें पाळलें गेलें तरच तो तिन्हीं कामें करतो. साध्या कार्बोरेटरला हें साधत नाहीं. थंडी, ऊन, चढ, उतार आणि यंत्राची झीज यांमुळें त्याचें प्रमाण सारखें ढळत असतें.

म्हणून धुराच्या वाटेंत एक पहारेकरी बसविण्यांत आला. हा ऑक्सिजनचा सेन्सर होय. सुमारें ३१५ अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावर तो काम करूं लागतो. धुरांत ऑक्सिजन कमी असेल, म्हणजेच पेट्रोल जास्त झालें असेल, तर तो एक व्होल्टच्या जवळपास दाब देतो. ऑक्सिजन जास्त असेल तर हा दाब जवळजवळ नाहींसा होतो. कॉम्प्यूटर ही खूण वाचतो आणि कार्बोरेटरमधील एका विजेच्या सोलेनॉइडला सेकंदाला दहा वेळां खालवर हलवितो. सोलेनॉइड खालीं असेपर्यंत पेट्रोल कमी जातें, वर असेपर्यंत जास्त. खालीं किती वेळ व वर किती वेळ, एवढेंच काय तें कॉम्प्यूटर ठरवीत असतो. ठिणगी केव्हां पाडावयाची हेंही त्याच्याच हातीं असतें; त्यामुळें या गाड्यांच्या डिस्ट्रिब्यूटरमधून जुनीं वजनें, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमची डबी हे सर्व भाग काढून टाकलेले असतात.

या शेवटच्या दोन गोष्टी ज्यानें नीट समजून घेतल्या, त्याला अर्धें काम समजलें. कॉम्प्यूटरची तार नुसती उपटली म्हणजे गाडी साधी झाली, असा समज असलेले लोक थोडेथोडके नाहींत. प्रत्यक्षांत तार निघतांच सोलेनॉइड वर राहतो आणि कार्बोरेटर भरमसाट पेट्रोल सोडूं लागतो. इकडे ठिणगीची वेळ वेगाबरोबर पुढें सरकेनाशी होते. गाडी चढावर मंदावते आणि एंजिन तापतें. न जळलेलें पेट्रोल उत्प्रेरकांत जाऊन तेथें जळतें व त्याची आंतील जाळी वितळवून धुराची वाटच बुजवितें. कॉम्प्यूटर काढावयाचा तर कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्यूटर हे दोन्हीही बदललेच पाहिजेत. एक बदलून दुसरा ठेवणें हा शुद्ध वेडेपणा होय.

तथापि बदलण्याची खरोखर गरज आहे काय? पुष्कळदां ती नसते. या कॉम्प्यूटरला आपलें दुखणें सांगतां येतें, ही गोष्ट मालकांना ठाऊक नसते इतकेंच. डॅशबोर्डाखालीं तपासणीसाठीं एक जोडणी असते. तिच्यांतील ए व बी हीं दोन टोकें तारेनें जोडून, एंजिन सुरूं न करतां, किल्ली फिरविली कीं इशाऱ्याचा दिवा लुकलुकूं लागतो. एकदां, मग क्षणभर थांबून दोनदां लुकलुकला, तर तो आंकडा १२. म्हणजे तपासणीची यंत्रणा शाबूत आहे. १३ आला तर ऑक्सिजनच्या सेन्सरचें मंडल पाहावें. २१ आला तर थ्रॉटलचा सेन्सर. २३ आला तर कार्बोरेटरच्या सोलेनॉइडची तार. ४४ म्हणजे पेट्रोल कमी, ४५ म्हणजे जास्त. ज्या गाड्यांचा कॉम्प्यूटर निकामी ठरवून फेंकला जातो, त्यांतील कित्येकींत खरा दोष वाळून तडकलेल्या रबरी नळीचा किंवा गंजलेल्या जोडणीचा असतो. नळी तडकलेलीच राहिली तर नवा कार्बोरेटरही नीट चालत नाहीं, आणि मालक पुन्हां कपाळाला हात लावतो.

एवढें सर्व पाहूनही ज्याला बदल करावयाचाच आहे, त्याच्या कामाची रीत अशी. या गाड्यांवर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट नांवाचा चार तोंडांचा कार्बोरेटर असतो. त्याचाच कॉम्प्यूटरविरहित जुना प्रकार मिळतो व तो त्याच मॅनिफोल्डावर बसतो. त्यांत सोलेनॉइडच्या जागीं एक लहान दट्ट्या असतो. पाय हलका असतांना एंजिनाचा व्हॅक्यूम जोरदार असतो. तो दट्ट्याला खालीं ओढतो, सुया जेटमध्यें उतरतात आणि पेट्रोल कमी जातें. पाय दाबला कीं व्हॅक्यूम ओसरतो, स्प्रिंग दट्ट्या उचलते आणि पेट्रोल वाढतें. मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत बनलेली पद्मिनी ज्यांनीं चालविली आहे, त्यांना अशा बिनकॉम्प्यूटरच्या कारभाराचे गुण आणि थंड सकाळीं चोक ओढण्याची कटकट, दोन्ही आठवतील.

डिस्ट्रिब्यूटरही जुन्या घडणीचा, वजनें व व्हॅक्यूमची डबी असलेला घ्यावा. १९७५ च्या सुमारास जनरल मोटर्सनें सर्वत्र रूढ केलेला डिस्ट्रिब्यूटर येथें उत्तम. त्याला किल्लीबरोबर चालू होणारी बारा व्होल्टची एक जाड तार पुरते. जुना डिस्ट्रिब्यूटर उचलण्यापूर्वीं त्याच्या रोटरचें तोंड कोणीकडे आहे ही खूण करून ठेवावी. शेव्रोलेटच्या आठ सिलिंडरांत ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे व रोटर घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरतो. ओल्ड्समोबीलच्या एंजिनांत क्रम तोच असला तरी दिशा उलटी असते, हें विसरूं नये. शेव्रोलेटच्या या एंजिनास वजनांसह एकूण ३४ ते ३६ अंशांपर्यंत ठिणगी पुढें आणतात. तीं मोजतांना व्हॅक्यूमची नळी काढून तिचें तोंड बंद करावयाचें असतें. एंजिन खडखडूं लागलें तर दोन अंश मागें यावें.

आतां सर्वांत महागडी चूक जेथें होते तें स्थान, म्हणजे गिअरबॉक्स. या काळांतील चार गतींच्या स्वयंचलित गिअरबॉक्सपासून कार्बोरेटरच्या दांडीपर्यंत एक बारीक केबल येते. पायाच्या दाबाप्रमाणें गिअरबॉक्समधील तेलाचा दाब वाढविणें हें तिचें काम आहे. जुन्या कार्बोरेटरच्या दांडीवर या केबलचें टोंक योग्य अंतरावर नसेल, किंवा केबल ढिली राहील, तर तेलाचा दाब अपुरा पडतो, आंतील क्लचच्या चकत्या घसरतात आणि थोड्याच प्रवासांत गिअरबॉक्स जळून जातो. चांगल्या एंजिनापायीं चांगला गिअरबॉक्स गमावण्याचा हा हमखास मार्ग होय. म्हणून केबलचें टोंक बसविण्यासाठीं जो खास तुकडा विकत मिळतो तो घेण्यांत कृपणता करूं नये. दुसरी गोष्ट, वेगांत असतांना एंजिन व गिअरबॉक्स यांना घट्ट जोडणारी एक कळ असते. तिला हुकूम कॉम्प्यूटरच देत असे. तो गेल्यावर ती कळ लागतच नाहीं, तेल तापतें आणि पेट्रोल वायां जातें. व्हॅक्यूमवर चालणारा एक स्विच आणि वरच्या गतीचा दाबाचा स्विच जोडून हें काम भागवितां येतें.

राहतां राहिला कायदा. अमेरिकेंत धुराचें नियंत्रण करणारी यंत्रणा निकामी करणें गॅरेजवाल्यांना पूर्वींपासूनच मना होतें. १९९० च्या दुरुस्तीनें तो निर्बंध सर्वसामान्य माणसासही लागू झाला. एखाद्या राज्यांत धुराची तपासणी होत नाहीं म्हणून हा कायदा नाहींसा होत नाहीं. कॅलिफोर्नियांत १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना तपासणींतून सूट आहे. १९८१ नंतरची गाडी त्या सुटींत बसत नाहीं. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ सालीं उत्प्रेरक सक्तीचा झाला, आणि निर्मात्यानें ठरविलेल्या तपशिलांशीं विसंगत असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आड येतें. शर्यतीच्या मैदानावर चालणाऱ्या गाडीची गोष्ट वेगळी. शहराच्या रस्त्यावर मात्र त्या धुराची किंमत मालक देत नाहीं, ती पाठीमागून चालणारीं माणसें देतात.

जाणते कारागीर हा बदल करतांना मूळ तारा कधीं कापीत नाहींत. टोकांना चिठ्ठ्या लावून त्या गुंडाळून ठेवतात. काढलेला कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर व ती धातूची पेटी एका खोक्यांत भरून मालकाच्या हवालीं करतात. पुढें गाडी विकावयाची वेळ आली, कीं चौकस गिऱ्हाईक बॉनेट उघडण्याआधीं त्या खोक्याचीच चौकशी करतें.