उंची ओझ्याला विचारावी

लालबाग-परळच्या माणसाला उंचीचं आकर्षण जन्मजात असतं. लहानपणी त्याने गिरण्यांच्या चिमण्या मान वर करून पाहिल्या, पुढे त्याच जमिनींवर उभे राहिलेले टॉवर मान वर करून पाहिले, आणि दरवर्षी भाद्रपदात तो गणपती पाहतो तोही मान वर करूनच. मूर्ती उंच, मंडप उंच, ताशाचा आवाजही उंच! त्यामुळे आमच्या शेजारच्या एका तरुणाने आपली जुनी पिकअप गाडी उचलून घ्यायचं मनात आणलं, तेव्हा चाळीत कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. गाडी उचलणं म्हणजे पाट्यांखाली ठोकळे घालून तिचा सांगाडा चाकांपासून वर घेणं आणि त्याखाली मोठे, रुंद, जाड गुटक्यांचे टायर बसवणं. अशा गाड्यांची चित्रं हल्ली मुलांच्या मोबाइलमध्ये असतात. समोरून पाहिलं तर गाडी नव्हे, एखादा पैलवान छाती काढून उभा आहे असं वाटतं.

या मुलाचे वडील गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि पुढे आमच्या भागातल्या हजारो घरांचं जे झालं तेच त्यांच्या घराचं झालं. माणूस मात्र खचणारा नव्हता. दुसऱ्याचा टेम्पो चालवत त्याने संसार ओढला आणि उतारवयात स्वतःची म्हणून ही गाडी घेतली. ते गेले, गाडी मुलाकडे आली. पहाटे दादरच्या बाजारातून भाजी आणि फुलांचे गठ्ठे, दुपारी मिळेल ते भाडं, श्रावण-भाद्रपदात परळच्या कारखान्यांतून लहान मंडळांच्या आणि घरगुती मूर्ती, आणि वर्षातून दोनदा कोकणात गावी सामान. घर त्यावर चालतं. गाडी उचलण्याचा खर्च मात्र त्या कमाईत बसत नव्हता. म्हणून त्याची आई एका संध्याकाळी माझ्याकडे आली. "भावोजी, तुम्ही बँकेत गाड्यांची कर्जं बघायचात. हा माझ्या पाटल्या गहाण टाकायचं म्हणतोय. करू दे का?"

प्रश्न पाटल्यांचा होता, पण उत्तर गाडीखाली शिरल्याशिवाय मिळणार नव्हतं. वाहनकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. प्रत्येक फायलीत गाडीची किंमत असे, रिकाम्या गाडीचं वजन असे, भरलेल्या गाडीचं वजन असे. ते वजन गाडीवर किती उंचीवर बसणार आहे, याला मात्र कोणत्याही फॉर्मात रकाना नव्हता. आणि गाडी उचलायची की नाही, हा सगळा प्रश्न त्या नसलेल्या रकान्याचाच आहे.

मुलाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "काका, हिंदमाताला पाणी भरलं की माझी गाडी अडकते. गावाकडे लाल मातीच्या रस्त्याला खालून घासते. आणि आता ती दिसतेही बसल्यासारखी." तीनही कारणं खरी. हिंदमाता म्हणजे बशी आहे. चारी बाजूंचं पाणी तिथे उतरतं आणि समुद्राला भरती असली की त्याला बाहेर जायला वाट राहत नाही. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधल्या. तरी जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की आम्हा परळकरांच्या पोटात गोळा येतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस पाहिलेल्या माणसाला पाण्याची भीती शिकवावी लागत नाही.

पण गाडी उचलल्याने या तीन दुखण्यांपैकी कशाला उतार पडतो? परळच्या एका गल्लीतल्या मिस्त्रींकडे आम्ही गाडी नेली. त्यांनी आधी काही न बोलता खिशातून टेप काढली आणि चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेतली. मागची डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच खाली. मग ते खाली वाकले, पाट्यांवर टॉर्च मारली आणि म्हणाले, "गाडी बुटकी नाही, थकलीय."

या एका वाक्यात अर्धा निकाल लागला. पिकअपच्या मागच्या बाजूला पोलादी पाट्यांची चळत असते. धनुष्यासारखा बाक असलेले हे पाटे एकमेकांवर घासत ओझं झेलतात. वर्षानुवर्षं ओझं वाहून त्यांचा बाक कमी होतो. "पाटा बसला" म्हणतात तो हाच. एखादा मोडतोही. अशा गाडीखाली दोन इंचांचे ठोकळे घालणं म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंच टाचांचे बूट देण्यासारखं आहे. माणूस उंच दिसेल, पण गुडघा आहे तिथेच राहील.

दुसरी गोष्ट मिस्त्रींनी खडूने जमिनीवर काढून दाखवली. ठोकळ्यांनी वर जातो तो सांगाडा. चाकांना जोडणारा ॲक्सल आणि त्याच्या मधला दातऱ्यांचा गोळा जागच्या जागी राहतो. गावच्या रस्त्यावर दगडाला घासतो तो बहुतेक वेळा हाच गोळा. त्याला वर न्यायचं तर फक्त टायरच मोठा हवा. टायर मोठा करून तरी किती मिळतं? इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. टायरवर २१५/७५ आर १५ असं लिहिलेलं असतं. २१५ मिलिमीटर ही रुंदी, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि १५ इंचांची रिम. हिशेब केला तर टायरचा व्यास होतो सुमारे ७०३ मिलिमीटर. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला तर व्यास सुमारे ७३३. म्हणजे वाढ तीस मिलिमीटरची, आणि त्यातली निम्मी वर जाते, निम्मी खाली. ॲक्सल उचलला जातो तो जेमतेम दीड सेंटिमीटर! त्यापायी काय गमवायचं? चाक चार टक्क्यांहून थोडं अधिक मोठं झालं, म्हणून स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टच्या पुढे धावत असते. चिंचपोकळीचा पूल चढताना इंजिनाला जास्त रेटावं लागतं आणि उतरताना ब्रेकला जास्त धरावं लागतं. वळताना टायर मडगार्डला घासतो तो वेगळाच.

मोठेपणाची हौस एका ठिकाणी थांबत नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या बॉब चँडलरने १९७० च्या दशकात आपल्या फोर्ड पिकअपला मोठे टायर लावायला सुरुवात केली. टायर मोठे झाले तसे ॲक्सल मोडू लागले, म्हणून भारी ॲक्सल आले, मग त्यांना शोभतील असे आणखी मोठे टायर आले. अखेर 'बिगफूट' नावाचा राक्षस तयार झाला आणि १९८१ मध्ये तो मोडक्या मोटारींवर चढून त्या चिरडू लागला. त्या माणसाचा पुढे तोच व्यवसाय झाला, त्याला ते परवडलं. आमच्या मुलाच्या गाडीवर भाजीची पोती चढतात.

आणि पाणी? डिझेल इंजिन हवा ओढतं. हवेऐवजी पाणी ओढलं गेलं तर पिस्टन अडतो, कारण पाणी दाबलं जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन इंच उचललेली गाडी पाण्यात दोनच इंच जास्त उतरू शकते, पण चालकाच्या मनातला धीर दोन फुटांनी वाढतो. गुडघाभर पाण्यावर खरा उपाय एकच. अलीकडे थांबावं, चहा प्यावा, ओहोटी लागू द्यावी.

आता त्या नसलेल्या रकान्याकडे येऊ. या गाडीवर वर्षातलं सर्वांत मोलाचं ओझं असतं ते गणपतीचं. २०२० आणि २०२१ मध्ये साथीमुळे सरकारने सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा घातली होती, तेव्हा मोठ्या मंडळांचे देवही अशा गाडीत मावले असते. २०२२ पासून मर्यादा उठली, तरी लहान मंडळांच्या पाच-सहा फुटी मूर्ती अजून पिकअपमधूनच जातात. मूर्ती शाडूची असो की प्लास्टर ऑफ पॅरिसची, तिचा जीव मनगटात आणि सोंडेत असतो. हिसका बसला की तडा तिथे जातो. आणि मूर्ती हौद्यात उभी असते, म्हणजे तिचं वजन उंचावर असतं. समजा गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर आहे आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० सेंटिमीटरवर आहे. निम्मी रुंदी भागिले उंची, म्हणजे ०.७०. हा आकडा जेवढा मोठा तेवढी गाडी कलंडायला कठीण. तीच गाडी पाच सेंटिमीटर वर घेतली की आकडा ०.६७ वर येतो. फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कशेडीसारख्या घाटातल्या वळणावर किंवा खड्ड्यात एक चाक गेल्यावर तोच शिल्लक असतो आणि तोच संपतो. आमच्याकडच्या मोठ्या मंडळांच्या ट्रॉल्या नीट पाहा. वीस फुटांवर मूर्ती वाहून नेणाऱ्या त्या लोखंडी ट्रॉल्यांचा तळ जमिनीला शक्य तेवढा जवळ ठेवलेला असतो. ज्यांनी पिढ्यानपिढ्या उंच देव हलवले, त्यांनी गाडी कधी उंच केली नाही.

हमालांचं कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. हौदा दोन इंच वर गेला की प्रत्येक पोतं दोन इंच जास्त उचलावं लागतं. पहाटेच्या एका खेपेत तीस-चाळीस पोती धरली तर ते दोन इंच कोणाच्या तरी कंबरेतून वजा होतात.

ब्रेकचंही तसंच. काही पिकअपना मागच्या ॲक्सलशी जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली आहे यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. मध्ये ठोकळा घातला आणि व्हॉल्व्ह नव्याने लावून घेतला नाही, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीतल्या, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की दरवर्षी फिटनेसच्या तपासणीला जावं लागतं. तिथे गाडी अडली तर त्या दिवसाचं भाडं बुडतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न बदलांबद्दल विचारते.

मग करायचं काय? केलं ते साधं होतं. पाटे उतरवून त्यांना पुन्हा बाक आणला, मोडलेला पाटा बदलला, झिजलेले रबरी बुश आणि चारही शॉकॲब्सॉर्बर नवे घातले. जादा पाटा घालायचा मोह मिस्त्रींनीच मोडला. "ओझं जास्त घेईल, पण रिकामी असताना उडेल. मूर्ती काय आणि टोमॅटो काय, दोन्ही उडवून चालत नाहीत." सुटे भाग आणायला मुलगा गिरगावात ऑपेरा हाऊसच्या बाजारात गेला, कारण तिथे एकाच वस्तूचे चार भाव विचारता येतात.

टायर घेताना मी बरोबर होतो. माप मूळचंच ठेवलं. पण माप सारखं म्हणजे टायर सारखा नव्हे. त्याच मापाचा टायर प्रवासी जीपचा असतो आणि मालवाहू गाडीचाही असतो. मापाच्या पुढचा आकडा भाराचा असतो. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. दुकानात दोन्ही सारखेच काळे आणि सारखेच चकचकीत दिसतात, म्हणून गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बाजूवरचे शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात. ३५१९ असेल तर २०१९ सालचा ३५ वा आठवडा. 'नवा' म्हणून कोपऱ्यात पडून राहिलेला टायर त्यावरून ओळखावा. मोठ्या गुटक्यांचा टायर लाल चिखलात छान पकड घेतो, पण ओल्या डांबरावर त्याचं रबर कमी टेकतं. या गाडीचे बहुतेक सगळे दिवस डांबरावरचे, म्हणून बारीक नक्षीचे घेतले. आणि हवा भरलेल्या गाडीची वेगळी, रिकाम्या गाडीची वेगळी, हे त्याने आता दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवलं आहे.

गाडी परत मोजली तेव्हा मागची बाजू चांगली दीड इंच वर आली होती. ठोकळा न घालता! कंपनीने दिलेली उंची तिला परत मिळाली, एवढंच. सगळा खर्च त्याच्या साठवलेल्या पैशात भागला. मुलगा थोडा हिरमुसला होता, ते मी नाकारत नाही. चित्रातल्या पैलवानाची सर तिला नव्हती. पण गणपतीआधी पहिली मूर्ती आणायला गेला, तेव्हा कारखान्यातल्या वयस्क कारागिराने हौद्याच्या कडेला हात टेकून गाडी दोनदा दाबून पाहिली, ती कशी बसते आणि कशी उठते ते बघितलं आणि पोरांना म्हणाला, "चढवा."

पाटल्या कपाटातच आहेत.