पठारावरची माणसं, भरतीचं पाणी

२०१६ हे साल मराठवाडा विसरणार नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी भरून निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आमच्या मुरुडच्या परिसरात तेव्हा घागर, टाकी आणि टँकर यांच्यावाचून दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी, १ फेब्रुवारीला, दुसऱ्या एका मुरुडची बातमी आली होती. रायगड जिल्ह्यातल्या जंजिऱ्याशेजारच्या मुरुडला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल गेली होती. दुपारी मुले समुद्रात उतरली आणि चौदा विद्यार्थी बुडाले.

या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. तरीही पठारावरच्या माणसाने त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पाणी कसे जपायचे, साठवायचे, पुरवायचे हे दुष्काळाने आम्हाला शिकवले. हलणारे पाणी कसे वाचायचे हे शिकायची वेळच आमच्यावर आली नाही. आणि आता दिवाळी, नाताळ, मे महिना, सुट्टी कुठलीही असो, लातूर, नांदेड, धाराशिवच्या गाड्या सोलापूर-कोल्हापूरमार्गे गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून मालवणकडे, नाहीतर पुण्यावरून ताम्हिणी घाटाने रायगडकडे धावतात. स्कूबा, पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड, कयाक हे शब्द आमच्या पोरांच्या तोंडी बसले आहेत. त्यांना अडवू नये. पण घाट उतरण्याआधी समुद्राची चार अक्षरे त्यांना यायला हवीत, आणि ती शिकवायची जबाबदारी किनाऱ्याइतकीच आपल्या गावांची आहे.

तिथी आणि भरती

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत तो एकसारखा नाही. उत्तरेकडे, मुंबई-रायगडच्या बाजूला, उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, कधी त्याहूनही जास्त. दक्षिणेकडे मालवणला हा फरक बराच कमी असतो. म्हणून रायगडच्या सपाट पुळणीवर ओहोटीला पाणी दूरवर हटलेले दिसते आणि माणूस वाळूवरून चालत चालत खोल आत जातो. परतीचे पाणी मागून कधी भरले ते कळत नाही.

दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातले लोक यासाठी सोपा हिशेब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. गावागणिक थोडा फरक पडतो, पण अंदाज येतो. ज्या मराठवाड्यात एकादशीचा उपास आणि अमावास्येचा बैलांना आराम घरोघरी पाळला जातो, तिथे हा हिशेब शाळेतल्या पोरालाही एका दुपारी शिकवता येईल.

पाणी भरती-ओहोटीच्या सहा तासांत एकाच वेगाने चढत-उतरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते सावकाश हलते. मधल्या दोन तासांत मात्र एकूण फरकापैकी जवळजवळ निम्मे पाणी सरकते. खाडीच्या तोंडाशी आणि खडकांच्या फटींत पाण्याची ओढ सर्वांत जबर असते ती याच वेळी.

आता १ फेब्रुवारी २०१६ चे पंचांग पाहू. ती कृष्ण अष्टमी होती. हिशेबाने भरती सहाच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास. दुपार कलू लागली तेव्हा पाणी चढत होते, आणि तीनच्या सुमारास ते सर्वांत वेगाने चढायची वेळ होती. अष्टमी म्हणजे भांगाची, लहान भरतीची तिथी, उधाणाची नव्हे. समुद्र त्या दिवशी खवळलेला असणार अशी अपेक्षा कोणी केली नसती. त्या अपघाताला नेमकी किती कारणे होती हे एका हिशेबाने ठरत नाही. पण शांत दिसणाऱ्या तिथीलाही कुठली वेळ धोक्याची हे हा हिशेब आधी सांगू शकतो.

दिवाळीचे दिवस तर खास आहेत. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि सर्वांत मोठे उधाण अमावास्येच्या नंतरच्या एक-दोन दिवसांत येते. पाडवा आणि भाऊबीज, म्हणजे पठारावरून सर्वाधिक गाड्या किनाऱ्यावर पोचतात ते दिवस, नेमके उधाणाचे असतात. भरती दुपारी साडेबारा-दीडच्या सुमाराला. जेवण करून चार वाजता जे कुटुंब पाण्यात उतरते, ते पाणी वेगाने समुद्राकडे ओढले जात असतानाच उतरते.

लाट आणते, वाट ओढते

बुडणाऱ्यांपैकी बरेच जण कमरेएवढ्या पाण्यातून आत खेचले जातात. लाटा किनाऱ्याकडे जे पाणी आणतात, ते कुठूनतरी परत जायला हवे. वाळूच्या दांड्यांमधली खोलगट वाट किंवा खडकाशेजारची चर सापडली की ते पाणी अरुंद धारेने जोरात आत जाते. वरून पाहिले तर त्या जागी लाटा कमी फुटतात आणि पाणी शांत, जरा गडद दिसते. अनोळखी माणूस नेमकी तीच जागा निवडतो.

विहिरीत पोहायला शिकलेला माणूस अशा धारेत सापडला तर पहिल्या झटक्यात किनाऱ्याकडे तोंड करून सगळी ताकद लावतो आणि दमून बुडतो. धार अरुंद असते, म्हणून किनाऱ्याला समांतर पोहत आधी तिच्याबाहेर पडायचे आणि मग लाटांबरोबर परत यायचे. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगायचे आणि हात वर करून मदत मागायची. मित्राला वाचवायला दुसऱ्याने तशीच उडी घेतली तर एकाऐवजी दोघे जातात. दोरी, रिकामा कॅन, जीवरक्षक कडे, जे हाताशी असेल ते फेकावे.

तारकर्लीचे तळाचे जग

थराराच्या शोधात निघालेल्या मराठवाड्यातल्या तरुणाचे पहिले ठिकाण हल्ली मालवण-तारकर्ली असते, आणि ते योग्यच आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचे खडक आणि प्रवाळ यांचा हा परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा आणि जलक्रीडांची प्रशिक्षण संस्था उभी केली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी तिथे प्रशिक्षणाबरोबर प्रवाळांच्या अभ्यासाचेही काम उभे केले आहे.

एकदाच डुबकी मारायला गेलेल्या पर्यटकालाही चार गोष्टी कळल्या पाहिजेत. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. कानांवर तो पहिल्या दोन-तीन मीटरांतच जाणवतो, म्हणून नाक चिमटून हलकी फुंकर मारत कान मोकळे करायचे, आणि दुखले तर खाली जायचे नाही. सर्दी असेल तर उतरूच नये. पाण्याखाली श्वास कधीही कोंडायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि कोंडलेला श्वास जिवावर बेतू शकतो. आणि आम्हा घाटावरच्यांसाठी खास सूचना: डुबकी मारून त्याच संध्याकाळी गाडी आंबोलीकडे काढू नये. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडताना त्रास देऊ शकतो. एका उथळ डुबकीनंतर धोका कमी असतो, तरी एक रात्र किनाऱ्यावर काढून सकाळी घाट चढणे शहाणपणाचे.

प्रवाळांच्या काही जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. होडीचा नांगर त्यावर पडला, ओहोटीला कोणी त्यावर उभे राहिले, तर एका क्षणात कित्येक वर्षांची वाढ संपते. फोटोसाठी माशांना पाव घालणेही त्यांच्या सवयी बिघडवते. साहसी पर्यटकाने हाताची घडी घालून तरंगावे.

वारा, यंत्र आणि होडी

पॅरासेलिंग आणि कयाक हे दोन्ही वाऱ्याचे खेळ आहेत. पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, दुपारी समुद्राकडून खारे वारे येतात. सकाळच्या मतलईत नवखा कयाकवाला नकळत आत लोटला जातो आणि परतताना वल्ह्याला जोर पुरत नाही. पॅरासेलिंगची दोरी, पट्टे, ओढणाऱ्या होडीच्या चालकाचे प्रशिक्षण आणि वाऱ्याची मर्यादा या चार गोष्टी विचारल्याशिवाय पाय उचलू नये. जेट स्की आणि बनाना राइडमध्ये मुख्य धोका टकरीचा असतो, म्हणून पोहणाऱ्यांची जागा आणि यंत्रांची जागा दोरीने वेगळी केलेली असावी.

राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होडीने जाण्यात एक जुना थरार आहे. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज दोघांनाही न मिळालेला तो किल्ला पाण्यातून वर येताना पाहावा असाच आहे. लाटेवर हलणाऱ्या होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरण्याचा क्षण मात्र सर्वांत अवघड असतो. तिथे वृद्धांना आणि लहान मुलांना तांडेल सांगेल तसेच उतरवावे, त्याच्या आधी नाही.

होडीचा प्रवास किरकोळ समजणे महागात पडते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची होडी बुडाली आणि दोघांचा जीव गेला. मे अखेर म्हणजे हंगामाचा शेवट. पावसाळ्यापूर्वीचा वारा आणि लाटा वाढू लागलेल्या असतात. म्हणूनच २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात सिंधुदुर्गातल्या प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. शेवटच्या आठवड्यात कोणी सवलत देऊन बोलावत असेल, तर त्यावर उडी घालू नये.

नियम आहेत, विचारणारा हवा

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण लागू केले. जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींतल्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ आणि सुरक्षा साधने त्यात अपेक्षित आहेत. पणजीला १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था होडी चालवणाऱ्यांना आणि जीवरक्षकांना प्रशिक्षण देते. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा ठेवली. कुठे पोहायचे आणि कुठे नाही हे तिथे झेंड्यांनी दाखवले जाते. महाराष्ट्राच्या प्रत्येक गर्दीच्या पुळणीवर अशी सेवा हवी, आणि ती फक्त हंगामापुरती, मानधनावरच्या पोरांच्या भरवशावर नको. त्यासाठी पर्यटकांनीही मागणी केली पाहिजे. नोंदणीचा कागद दाखवा, जॅकेट अंगावर नीट बसवा, चालकाचे प्रशिक्षण कुठे झाले ते सांगा, असे विचारणारे गिऱ्हाईक वाढले की चांगल्या चालकाला बळ मिळते आणि कामचुकाराला जागा उरत नाही.

चांगले काम उभे राहू शकते याची साक्ष वेंगुर्ल्याजवळच्या मांडवी खाडीत मिळते. तिथल्या स्वामिनी बचत गटाच्या महिला कांदळवनाची सफर घडवतात. स्वतः होडी वल्हवत त्या खाडीतली झाडे, पक्षी, चिखलातले खेकडे दाखवतात. वेग नाही, यंत्राचा आवाज नाही, तरी कांदळवनाच्या अरुंद वाटेने आत शिरताना अंगावर काटा येतो. जे पाणी त्यांच्या घराचे, त्याची माहिती त्या पाहुण्याला देतात, आणि कमाई गावातच राहते. थराराच्या बाजारात हे सर्वांत सुरक्षित आणि सर्वांत प्रामाणिक रूप आहे.

सुरुवात मुरुडपासून

आमच्याकडे पूर्वी पोरे विहिरीत पोहायला शिकत. पाठीला वाळलेला भोपळा बांधून थोरला भाऊ किंवा काका पाण्यात सोडे. विहिरी आटल्या, बोअर खोल गेले, तसे ते शिक्षण अनेक गावांतून उठले. ज्या पिढीला आपण समुद्राकडे पाठवतो आहोत, तिच्यापैकी अनेकांना पोहता येत नाही. आणि ज्यांना येते, त्यांनी ते स्थिर पाण्यात शिकलेले असते.

म्हणून उपाय किनाऱ्यावर सुरू होऊन चालणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक उथळ, राखलेला तलाव आणि एक प्रशिक्षक ही चैन नव्हे, शिक्षणाची गरज मानली गेली पाहिजे. कोकणात सहल नेणाऱ्या प्रत्येक शाळा-महाविद्यालयाने निघण्याआधी अर्धा दिवस ठेवावा: तिथीवरून भरती काढणे, ओढीतून बाहेर कसे यायचे, जॅकेट कसे बांधायचे, किती मुलांमागे एक शिक्षक पाण्याच्या कडेला उभा राहील. सहलीची वेळ भरतीच्या तक्त्यावरून ठरवावी, जेवणाच्या वेळेवरून नव्हे. आणि पोचल्यावर गावातल्या तांडेलाला किंवा रापणीचे जाळे ओढणाऱ्याला विचारल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये.

तारकर्लीच्या प्रवाळांवर तरंगावे, जंजिऱ्याच्या होडीत बसावे, मालवणच्या चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेत आमच्या मुरुडच्या पोरीने नंबर काढावा, हे मला मनापासून हवे आहे. साहस हे पठारावरच्या माणसाच्या रक्तातच आहे. कोरडवाहू शेती करणाऱ्याला ते वेगळे शिकवावे लागत नाही. पावसाचा अंदाज घेऊनच आम्ही तिफण धरतो. समुद्रात उतरतानाही तोच अभ्यास, तेवढ्याच गांभीर्याने, यंदाच्या सुट्टीपासून घरातून आणि शाळेतून सुरू करायला हवा.