पासपोर्ट बदलला, पाय तेच

आमचा पत्ता बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातला, म्हणजे मध्य प्रदेशातला. घरात बोलतो मराठी आणि आडनाव ख्रिस्ती. त्यामुळे ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. अराता इझुमीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हा प्रश्न या माणसाला किती वेळा विचारला गेला असेल! फरक एवढाच, की त्याला उत्तर सरकारी कागदावर द्यावं लागलं.

अराताचा जन्म 1982 साली जपानमध्ये झाला. आई जपानी, वडील भारतीय. 2006 मध्ये तो ईस्ट बंगालकडून फुटबॉल खेळायला कोलकात्याला आला. पुढे मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि 2009 पासून पुणे एफसी. पुण्यात तो चांगलाच रुळला. पण वडील भारतीय असले तरी संघाच्या यादीत त्याची नोंद ‘परदेशी खेळाडू’ अशीच व्हायची.

इथे नियम समजून घ्यायला हवा. आपल्या लीगमध्ये क्लबला परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात. राष्ट्रीय संघाचा नियम तर त्याहून कडक: भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर इथे राहता येतं, नोकरी करता येते, पण भारताची जर्सी घालता येत नाही. शिवाय आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. म्हणजे एक धरायचं तर दुसरं सोडावंच लागतं.

2012 मध्ये अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं. कागदोपत्री त्याचं नाव नीलकंठ खंबोलजा झालं. विचार करा, तेव्हा तो तीस वर्षांचा होता. या वयात फुटबॉलपटू किती वर्षं उरली ते मोजायला लागतो. आणि जपानी पासपोर्ट म्हणजे जगात कुठेही सहज फिरण्याची मोकळीक. ती कायमची सोडायची, तीही संघात निवड होईलच याची खात्री नसताना!

निवड झाली. 6 फेब्रुवारी 2013 रोजी कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. सामना आपण 2-4 असा हरलो. त्याच मोसमात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. 2014 मध्ये पहिली इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या अॅटलेटिको दे कोलकाता संघातही तो होता. देशाकडून मात्र त्याला मोजकेच सामने मिळाले.

मग सौदा तोट्याचा झाला का? नुसते सामने मोजले तर कुणीही ‘हो’ म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण गोष्ट तिथे संपत नाही. 2017-18 चा मोसम केरळा ब्लास्टर्सकडून खेळल्यावर तो कोच झाला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची ‘यंग चॅम्प्स’ ही निवासी अकादमी आहे, तिथल्या मुलांना तो शिकवू लागला. महिंद्रा युनायटेड 2010 मध्येच बंद झाला होता, पुढे पुणे एफसीही बंद पडला. ज्या संघांनी त्याला महाराष्ट्रात आणलं ते राहिले नाहीत. तो राहिला.

2025 मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या रायन विल्यम्सनेही आपला पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याची आई मूळची मुंबईची. म्हणजे अराताची वाट पुढे चालू आहे.

माणूस मूळचा कुठला हे जन्मदाखल्यावर लिहिलेलं असतं. पण तो कुठला झाला, हे तो कुणाच्या पोरांना शिकवतो त्यावरून कळतं, असं मला आता वाटतं. पुढच्या वेळी कुणी मला तो प्रश्न विचारला, तर बहुतेक मी चिडणार नाही. आधी अराताची गोष्ट सांगेन.